मायची सकाळची सुई

"आज कोण?" माय विचारायची.

रोज सकाळी चहाच्या आधी ती उंबऱ्याजवळ पाटावर बसायची, पदर सारून डावा दंड माझ्यापुढं करायची आणि डोळे असे गच्च मिटायची की कपाळावरचं कुंकू पार भुवयांत जायचं. मग विचारायची, आज कोण. म्हणजे आज मी कोणाच्या आवाजात बोलणार. ते ठरल्याशिवाय आमच्या घरात इन्सुलिनची सुई आत जात नव्हती.

मायला शुगर. गोळ्यांनी भागेना तवा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, दोन टाइम, जेवायच्या आधी. मी तवा हिंगोलीला रोज जाऊन-येऊन नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. घरात नर्स तयार होऊन राहिली म्हटल्यावर सुई कोणी द्यायची यावर बोलणंच झालं न्हाई. खरं सांगायचं तर तोवर मी फक्त कॉलेजातल्या रबराच्या हाताला सुई टोचली होती, आणि रबराचा हात पळून जात न्हाई. माय पळाली. सुई बघितली आणि उठून शेजारच्या काकूंच्या घरात जाऊन बसली. तिला समजावून आणलं तर तिच्यापेक्षा माझाच हात जास्त कापायला लागला. घाबरले की माझ्या तोंडातून दुसऱ्याचा आवाज निघतो, ही माझी लहानपणापासूनची खोड. त्या दिवशी निघाला आमच्या ट्यूटर मॅडमचा. नाकातून, लांबवून, लातूरकडच्या हेलात: "सिस्टर, पेशंटकडं बघा. पंख्याकडं काय बघायलाव? पगार पंखा देणार हाय का?"

माय फस्सकन हसली. हसताना दंड ढिला पडला आणि मी सुई देऊन मोकळी.

तवापासून तीच रीत पडली. मॅडम जुन्या झाल्या तसे शाळेतले हेडसर आले. ते माइकवर आधी खोकायचे, मग म्हणायचे, "मागच्यांनो, आवाज येतोय का, सांगा." मागच्यांनी "येतोय" म्हटलं की ओरडायचे, "मधी बोलायचं न्हाई." मग एसटीतले कंडक्टर आले. मग शेजारच्या काकू.

काकूंचं प्रत्येक वाक्य "मला काय करायचं म्हना" नं सुरू व्हायचं आणि मग त्या सगळं करायच्या. एका सकाळी मी त्यांच्या आवाजात लागले, "मला काय करायचं म्हना, पण तुमच्या पोरीनं काल लाइट चालूच ठेवला व्हता," आणि माय हसायची एकदम थांबली. दारात खऱ्या काकू, हातात साखरेची रिकामी वाटी.

"मला काय करायचं म्हना," त्या म्हणाल्या, "पण मी अशी बोलत न्हाई."

साखर घेऊन गेल्या. त्या दिवशी सुई कधी आत गेली ते मला बी कळलं न्हाई.

आमच्या सगळ्या गोरेगावचं म्हणणं, पोरीला हे नकलेचं अण्णांकडून आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोरेगाव ते सेनगाव ते हिंगोली जीप चालवतात. स्टँडवर त्यांची हाळी ऐकावी. "ए सेनगाव, सेनगाव, हिंगोलीऽऽ, एकच शीट राहिली, एकच," आणि जीपमध्ये बघावं तर एक म्हातारा आणि एक शेळी. सगळा आवाज तिथंच खर्च होत असेल, कारण घरात आले की अण्णा बोलत न्हाईत. जेवतात, मान हलवतात, झोपतात. पण माझ्या कॉलेजच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या जीपमधली पुढची, खिडकीकडची सीट कोणाला मिळाली न्हाई. कोणी बसायला गेलं की म्हणायचे, "ती शीट सिस्टरची हाय." गावातले जाडजूड पुढारी मागं शेळीशेजारी बसून गेले, पण ती सीट माझी.

मी पास झाले आणि तिथून घोळ सुरू झाला.

हिंगोलीत एक छोटं हॉस्पिटल होतं. डॉक्टर अण्णांच्या जीपमधून कधीकाळी गावाला आलेले, ओळखीचे. ते म्हणाले, "उद्यापासून ये." दुसरीकडं पुण्याचं एक मोठं हॉस्पिटल आमच्या बॅचमधल्या पोरींना मुलाखतीला बोलवून राहिलं होतं. आयसीयूचं काम शिकवणार, राहायला हॉस्टेल. हिंगोलीत राहिले तर मायची सुई, अण्णांची सीट, सगळं बराबर आपल्या जागी. पुण्याला गेले तर माझी जागा तिकडं, आणि इकडं सुई कोण देणार?

मला जायचं होतं. कोणाला सांगितलं न्हाई, पण माझ्या तोंडावर दिसतच होतं. कारण सांगते. कॉलेजच्या पोस्टिंगवर असताना आम्ही एका आयसीयूत होतो. तिथं एक मोठ्या सिस्टर होत्या. एक आजोबा मशीनवर झोपलेले, आम्हाला सगळं ठीकच वाटून राहिलेलं. त्या सिस्टरनी जाता जाता आजोबांच्या नखांकडं बघितलं, एकदा स्क्रीनकडं बघितलं आणि डॉक्टरांना बोलवून घेतलं. सगळी पळापळ झाली आणि आजोबा वाचले. दुपारच्या डब्याला मी मैत्रिणींना त्यांची नक्कल करून दाखवायला उठले. चाल आली, आवाज आला, कमरेवर हात ठेवायची लकब बी आली. पण त्यांना जे दिसलं होतं ते मला दिसलंच नव्हतं. पहिल्यांदा कोणाची तरी नक्कल अर्धी राहिली माझ्याच्यानं. मला ती पुरी करायची होती.

काकूंनी आपलं मत दिलं. "मला काय करायचं म्हना, पण पोरगी पुण्याला गेली की लग्नाला तकलीफ येते."

"इथं राहिली तरी येनारच हाय," माय म्हणाली. "तोंड बघा तिचं, गप बसते का."

मला विचारलं तर म्हणायची, "तुला जायचं तर जा बाई." आणि सकाळी परत दंड पुढं, "आज कोण?"

अण्णांनी त्या आठवड्यात पुढच्या सीटला नवं लाल कव्हर घातलं. मागच्या सीटांमधून स्पंज बाहेर आलेला.

"अण्णा, मागच्यांचं काय?"

"मागचे काय रोज येनार हायत का," म्हणाले आणि कापडानं काच पुसत राहिले.

मुलाखतीला मी एका मैत्रिणीसोबत पुण्याला गेले. जाणं-येणं धरून दोन दिवस. तेवढ्यापुरती सुई अण्णांनी द्यायची ठरली. चिखलात रुतलेली जीप एका हातानं बाहेर काढणारा माणूस, पण सिरिंज हातात दिली तर अशी धरून बसला जशी काही विंचवाची नांगी. मी सगळं दाखवलं. बाटली हलवायची न्हाई, तळहातावर घोळवायची. औषध इथवर ओढायचं. हवा काढायची. आणि बाटली थंड ठेवायची.

"थंड," अण्णा म्हणाले, जसं काही एवढं एकच त्यांना पटलं.

आमच्याकडं फ्रिज न्हाई, आणि असता तरी लाइट किती वेळ असते ते आम्हाला माहीत. बाटली डबीत, डबी एका छोट्या गाडग्यात, गाडग्याला ओलं फडकं. उन्हाळाभर असंच चालतं आणि चांगलं चालतं.

मुलाखत बरी झाली. त्यांनी तिथंच सांगितलं, घेतलं म्हणून, आणि कळवायला आठवडा दिला. परत येताना मी पूर्ण रस्ता मैत्रिणीला मुलाखत घेणाऱ्या मॅडमचा आवाज काढून दाखवत होते.

घरी आले तर माय भिंतीला टेकून बसलेली. तोंड सुकलेलं, शेजारी तांब्या. एक संपवला आणि दुसरा भरून आण म्हणाली. तिनं "पुण्याला काय झालं" विचारलं, पण उत्तर ऐकायच्या आधीच डोळे मिटले. मी मशीनवर शुगर बघितली, आकडा लई वर गेलेला. मग गाडग्यात हात घातला. डबी रिकामी. बाटली न्हाईच.

"अण्णा, बाटली?"

अण्णा बाहेर गेले आणि बाटली घेऊन आले. स्टँडवरच्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरमधून. दोन दिवस ती कुल्फीच्या कांड्यांमधी होती. सुई द्यायच्या वेळी अण्णा ती घरी आणायचे, हातात धरून वितळवायचे, मायला द्यायचे आणि परत नेऊन ठेवायचे. ऊन वाढून राहिलं होतं, गाडग्याचं थंड त्यांना पुरंसं वाटलं न्हाई.

मी बाटली तळहातावर घोळवली. औषध सारखं, दुधावानी व्हायला पाहिजे. फाटल्या दुधावानी कण काचेला चिकटून राहिले. इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं. दोन दिवस अण्णांनी मोठ्या हिमतीनं मायला जवळजवळ पाणीच टोचलं होतं.

"तूच म्हनलीस थंड ठेवा," अण्णा म्हणाले.

"थंड म्हटलं अण्णा. बर्फ न्हाई."

"मला वाटलं, जेवढं थंड तेवढं चांगलं."

मी मायला हाताला धरून उठवलं. जीप काढली, तसंच सेनगावला गेलो. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं, नवी बाटली मिळाली, संध्याकाळपर्यंत मायचं तोंड ओलं झालं आणि ती नर्सच्या साडीच्या रंगाबद्दल बोलायला लागली, तवा कळलं की आता ठीक. जाताना-येताना पुढच्या लाल सीटवर माय बसली होती. अण्णांनी एकदा बी हॉर्न वाजवला न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टँडवर हाळी दिली न्हाई. त्यांची सवारी दुसऱ्या जीपवाल्यानं भरून दिली.

मी ठरवून टाकलं. जेवताना सांगितलं, "मी न्हाई जात पुण्याला. हिंगोलीच्या डॉक्टरांना हो म्हणते."

अण्णांचे खांदे खाली आले. मग त्यांना आपल्याला बरं वाटल्याचीच लाज वाटली असणार, कारण ते ताटातच बघत राहिले. माय म्हणाली, "व्हय का," आणि माझ्या ताटात न विचारता अजून एक भाकरी टाकली.

मला वाटलं, संपलं. पुण्याला कळवायला आठवडा होता. मी ते रोज उद्यावर टाकून राहिले, पण मनातनं संपलं होतं. हिंगोलीत बी सिस्टर लागतातच की. आणि मला काही दुःख झालंय असं मी कोणाला दिसू दिलं न्हाई. रोज सकाळी नवा आवाज काढला. पण माय पहिल्यासारखी हसेना. डोळे मिटायचंच सोडलं तिनं. माझ्या हाताकडं टक लावून बघायची.

"पोटात घेतली तर लई दुखते का गं?" एकदा विचारलं.

"दंडापेक्षा कमी. काहून?"

"असंच."

त्याच दिवसांत आमच्या घरातली वांग्याची भाजी बिघडली. माय कधी भाजी बिघडवत न्हाई. पण सारखं पाणी सुटून राहिलं, वांगी चिंब, फोडी गळालेल्या. अण्णा पहिल्यांदा जेवताना बोलले. "ह्या वांग्याला नळ बसवला का काय?"

"बाजारातच तशी आलीत," माय म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बी तीच भाजी. काकू वाटी घेऊन आल्या, चव घेतली, "मला काय करायचं म्हना" म्हणाल्या आणि वाटी तशीच ठेवून गेल्या.

मग ती सकाळ. मी नळावरून घागर भरून आले तर आतल्या खोलीतनं माझा आवाज आला. मी दारात उभी, आणि माझा आवाज आत. मला वाटलं, मोबाइलवर कोणी माझं रेकॉर्डिंग लावलंय. आवाज म्हणत होता, "हं मावशी, घाबरायचं न्हाई. मुंगी चावल्यावानी व्हईल. माझ्याकडं बघा, तिकडं भिंतीवर काय हाय?" मी कॉलेजच्या पेशंटांशी जशी बोलायची, घरी येऊन सांगायची, तशीच. शब्दांच्या शेवटाला जी उडी मारते मी, ती बी होती.

आत डोकावले. सोयाबीनच्या पोत्यांच्या आड माय बसलेली. एका हातात सिरिंज, शेजारी पाण्याची वाटी, मांडीवर एक जांभळं वांगं. नाक एकदा जोरात ओढलं, स्स्स, आणि सुई वांग्यात. दट्ट्या हळूच दाबला. "झालं बी," माझ्या आवाजात वांग्याला म्हणाली, "कळलं बी न्हाई."

मला इतकं हसू आलं की घागर हिंदकळली. माय दचकली न्हाई. वांगं बाजूला ठेवलं आणि बघत राहिली माझ्याकडं, चोरी पकडलेल्या पोरावानी न्हाई, चोरी पकडणाऱ्यावानी.

"ते नाक ओढणं काय होतं?" मी विचारलं.

"तुझं हाय ते."

"मी न्हाई ओढत."

"दर वेळी वढतीस. सुई टोचायच्या आधी. पहिल्या दिवसापासून."

मी गावातल्या प्रत्येकाचं खोकणं, शिंकणं, पाय घासणं उचललेली पोरगी. आणि माझंच नाक मला माहीत नव्हतं.

"म्हणजे तुला सुई येते ते कळायचं?"

"माह्या दंडात टोचून राहिलीस, मला न्हाई कळनार तर काकूला कळनार का? तू नाक वढलं की मला समजायचं, आली."

"मग हसत काहून होतीस?"

मायनं सिरिंज डब्यात ठेवली, पदरानं वांगं पुसलं. "पहिल्या डावाला खरंच आलं हसू. मग बघितलं, मी हसले की तुझा हात कापायचा थांबते. म्हनलं, हसत राहू. लेकरू शिकून राहिलं."

एरवी असं काही ऐकलं की माझ्या तोंडून कोणाचा तरी आवाज निघतो. त्या वेळी एक बी निघाला न्हाई.

"आता न्हाई कापत तुझा हात," ती म्हणाली. "मी तीन दिवस बघून राहिले. म्हनून म्हनते, जा."

"आणि तू?"

"मला तुझी नक्कल जमते की. बघितलीस ना."

मग तिनं नवी सिरिंज घेतली. नवीच घेतली, ते मी आधी बघितलं. बाटली तळहातावर घोळवली, औषध ओढलं, हवा काढली. साडी जराशी सैल करून पोटाची चिमूट धरली. हात कापला. मी पुढं झाले तर डोळ्यांनीच मला थांबवलं. "हं मावशी," स्वतःलाच म्हणाली, माझ्या आवाजात, "घाबरायचं न्हाई." नाक ओढलं. आणि घेतली.

मी पुढचे सगळे दिवस तिच्या समोर बसून राहिले. जागा रोज बदलायची, एकाच ठिकाणी न्हाई. घाम सुटला, हात थरथरले तर आधी गुळाचा खडा, मग बाकीचं. ते तिला पाठ झालं, मला चिडवण्याइतकं. मी काही सांगायला तोंड उघडलं की तीच माझ्या आवाजात पुरं करायची. पुण्याला हो कळवलं ते बी तिच्या समोर बसून.

अण्णांना मायनं सांगितलं. ते उठून गाडग्याजवळ गेले, फडकं चाचपलं. मग म्हणाले, "बाटलीचं मी बघतो." मी काही बोलायच्या आधीच, "गाडग्यातच," म्हणाले. तवापासून फडकं वाळू देत न्हाईत. सवारी जीपमध्ये भरून बसलेली असते आणि हे घरी येऊन फडक्यावर पाणी शिंपडून जातात. मागचे ओरडतात, एकच शीट राहिली म्हनले होते ना, मग चला की.

निघायच्या दिवशी हिंगोलीच्या स्टँडवर त्यांनी माझी बॅग उतरवली. माझ्या हातात गावच्या हळदीची पुडी दिली, जशी काही पुण्यात हळद मिळत न्हाई. मग जीपकडं वळले. परतीची सवारी जमली होती. त्यांनी हाळी दिली, "ए सेनगाव, सेनगाव, गोरेगावऽऽ," नेहमीसारखी, मोठ्यानं. एक माणूस पुढच्या लाल सीटवर चढायला लागला. अण्णांनी त्याला मागं बसवलं.

आता मी इथं आहे. आयसीयूच्या त्या सिस्टरना जे दिसायचं ते मला अजून सगळं दिसत न्हाई. नखं मात्र बघते, प्रत्येकाची, सवयच लागली. आमच्या इनचार्ज सिस्टर कामाला कडक आहेत, आणि त्यांचा आवाज काढायला सोपा आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

सकाळी ड्युटीला जायच्या आधी हॉस्टेलच्या जिन्यात फोन वाजतो. माय तिकडं स्पीकरवर ठेवते, दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून. मागं अण्णांचं खाकरणं ऐकू येतं, आणि काकूंचं "मला काय करायचं म्हना."

"आज कोण?" माय विचारते.

मी घसा साफ करते. "सिस्टर," इनचार्जच्या आवाजात, "हे काय लिहिलंत? इथं डॉक्टरांचं अक्षर शिकायला आलात का?"

माय हसते. खरंच हसते का माझ्यासाठी, ते मी आता विचारत न्हाई. मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज येतो.

"झालं बी," ती म्हणते, माझ्या आवाजात. "जा आता, उशीर व्हईल."